सिंधुदुर्गचं एआय आणि एका डेटाबेसमधल्या अनेक खोल्या

2025 मध्ये पालकमंत्री नितेश राणे यांनी सिंधुदुर्ग हा सरकारी कामात एआय वापरणारा जिल्हा म्हणून पुढे आणला. सोबतीला राज्य सरकारची ‘मार्वल’ कंपनी. चर्चा झाली ती एआयची. पण पोलीस, आरोग्य, आरटीओ अशा खात्यांचा डेटा ठेवायचा कसा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

सगळा एकत्र ओतला, तर मालवणच्या रुग्णाची नोंद आरटीओच्या क्लार्कलाही दिसू शकते. वेगवेगळे डेटाबेस केले, तर माहिती जोडताना घाम फुटतो. पोस्टग्रेसमध्ये यावर मधला मार्ग आहे, स्कीमा. म्हणजे घर एकच, खोल्या वेगळ्या. दोन खोल्यांत ‘अर्ज’ नावाचं टेबल असलं तरी भांडण नाही, आणि एका खोलीतलं टेबल दुसरीतल्या टेबलाला फॉरेन कीने जोडताही येतं.

आता हेच जँगोमध्ये करून बघा. त्याचा ओआरएम म्हणजे पायथन आणि एसक्यूएलमधला दुभाषा, आणि या दुभाष्याला ‘स्कीमा’ हा शब्दच नीट येत नाही! तशी सोय द्या, ही मागणी 2007 पासूनची. मग लोक जुगाड करतात: एकाच डेटाबेसची दोन-तीन कनेक्शन्स, प्रत्येकाचा ‘सर्च पाथ’ वेगळा, वर एक राउटर. चालतं. पण जँगो त्यांना वेगळे डेटाबेस समजतो, आणि दोन डेटाबेसमधलं फॉरेन कीचं नातं त्याला चालत नाही. म्हणजे स्कीमा घेण्याचा अर्धा फायदा तिथेच गेला.

‘जँगो-टेनंट्स’ ही लायब्ररी वेबसाइटचा पत्ता बघून सर्च पाथ बदलते. सारखीच टेबलं लागणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी हे झकास. पोलीस आणि आरोग्य खात्याची टेबलंच वेगळी, तिथे याचा फारसा उपयोग नाही. शिवाय कनेक्शन्स वाटून घेणारा पूल चुकीचा सेट केला, तर मागच्या विनंतीचा सर्च पाथ तसाच राहतो आणि कुडाळच्या माणसाला कणकवलीची यादी दिसते. एरर नाही, काही नाही. माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार हाच.

सर्च पाथ ही दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. कुलूप हवं तर प्रत्येक खात्यासाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळा युजर करा आणि त्याला फक्त आपल्याच स्कीमाची परवानगी द्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच झालाय, त्यामुळे ही हौसेची गोष्ट उरलेली नाही. असं केलं की कोडमध्ये चूक राहिली तरी दुसऱ्याची यादी उघडत नाही, पोस्टग्रेस ‘परवानगी नाही’ म्हणून तिथेच अडवतो.