नवी बाजारपेठ आणि बागाईतदार : पोर्तुगालच्या द्राक्षमळ्यांपासून घ्यावयाचा धडा

पोर्तुगाल हा देश विस्ताराने महाराष्ट्राच्या एकतृतीयांशापेक्षाही लहान आहे. तथापि द्राक्षांपासून तयार होणाऱ्या मद्याच्या, म्हणजेच वाईनच्या, व्यापारात या लहान देशाचे नाव तीन शतकांहून अधिक काळ टिकून राहिले आहे. आज तेथील उत्पादक नवनव्या देशांत आपला माल नेण्याचा संघटित प्रयत्न करीत आहेत. परदेशी आयातदार, उपाहारगृहांचे चालक आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी यांना निमंत्रण देऊन द्राक्षमळे दाखविणे, तळघरांत मुरत ठेवलेल्या वाईनची चव देणे आणि मळेवाल्याशी त्यांची प्रत्यक्ष गाठ घालून देणे, हा त्या प्रयत्नाचा मुख्य भाग होय. महाराष्ट्रातही अशा भेटी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. आणि वाईनसाठी द्राक्षे लावावीत काय, असा प्रश्न नाशिक-सांगलीकडील बागाईतदार विस्तार कार्यकर्त्यास विचारीत असतो.

मद्यपानाची भलामण करणे हा येथे हेतू नाही. प्रश्न शेतकऱ्याच्या हिताचा आहे. ज्या पिकाखाली जमीन अनेक वर्षे गुंतून पडते आणि ज्याची विक्री सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते, त्या पिकाची नवी बाजारपेठ उघडली म्हणजे पिकविणाऱ्याचे कल्याण आपोआप होते काय? पोर्तुगालचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतो. पाहुण्यांच्या भेटी आणि प्रसिद्धी हा बाजारपेठेचा कळस होय. तिचा पाया मात्र मळ्यातील शिस्त, मालाचा सचोटीचा लौकिक आणि बागाईतदाराशी झालेला पक्का करार यांनीच घातला जातो.

तेजी आणि भेसळ

उत्तर पोर्तुगालमध्ये डोरो नदीच्या दोन्ही तीरांवर उभ्या चढणीचे डोंगर आहेत. तेथील खडक पाटीच्या दगडासारखा थराथरांचा असून तो फोडून, दगडी बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून शेतकऱ्यांनी डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे तयार केले. उन्हाळा कडक, माती थोडी आणि पाणी दुर्मिळ. अशा ठिकाणी वेलीवाचून दुसरे पीक क्वचितच साधते. येथील वाईनची पिंपे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सपाट तळाच्या नावांतून नदीच्या मुखाजवळील व्हिला नोव्हा द गाया या गावी नेली जात. तेथील वखारींतून ती समुद्रमार्गे परदेशी जात आणि पलीकडच्या तीरावरील पोर्तो शहराच्या नावावरून या वाईनला ‘पोर्ट’ हे नाव पडले.

१७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन तह झाला. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचे दार मोकळे झाले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज वाईनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाईनपेक्षा एकतृतीयांश कमी जकात बसू लागली. नवी बाजारपेठ हाती आली. मागणी वाढली, भाव चढले, जिकडे तिकडे वेली लागल्या. मग जे होऊ नये ते झाले. हलक्या वाईनला गडद रंग यावा म्हणून तीत एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला. दुसरीकडचा माल डोरोच्या नावावर खपू लागला. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि अठराव्या शतकाच्या मध्यास भाव कोसळले. तहाने दार उघडून दिले होते. ते उघडे ठेवणे तहाच्या हाती नव्हते.

सीमेचा दगड

हा घसरता व्यापार सावरण्यासाठी, पुढे पाँबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या सर्वाधिकारी मंत्र्याने १० सप्टेंबर १७५६ रोजी एक कंपनी स्थापन करविली. उत्तम वाईन देणाऱ्या मळ्यांचा प्रदेश आखून त्याच्या सीमेवर ग्रॅनाइटचे कोरीव दगड रोवण्यात आले. प्रतीप्रमाणे भाव ठरले. एल्डरबेरीची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. शेतमालाचा प्रदेश कायद्याने आखून त्याच्या नावाचे रक्षण करण्याचा हा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय.

ही व्यवस्था सौम्य नव्हती. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ साली पोर्तो शहरात दंगा उसळला आणि त्याबद्दल अनेकांना फासावर चढविण्यात आले. अशा जुलमाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु सीमेच्या दगडामागील तत्त्व टिकाऊ ठरले. पुढे विसाव्या शतकात डोरोतील प्रत्येक मळ्याला जमीन, उतार, उंची, वेलीची जात, वेलीचे वय इत्यादींवरून गुण देऊन ‘ए’ ते ‘एफ’ अशी प्रतवारी करण्यात आली आणि त्या प्रतीनुसार किती रस पोर्टसाठी वापरता येईल हे दरवर्षी ठरू लागले. हाच डोंगराळ प्रदेश २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. आज परदेशी पाहुणा जे पाहावयास येतो, ते या पायऱ्या आणि ही शिस्तच होय.

नावाचे मोल आपल्याकडेही ओळखले जाऊ लागले आहे. गोव्यात ‘पोर्ट वाईन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्थानिक गोड वाईनचा डोरोच्या मळ्यांशी संबंध नाही. उलट गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली स्वतःचे भौगोलिक मानांकन मिळाले. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाचीही तशी नोंद झालेली आहे. उसन्या नावावर माल काही काळ खपतो. परंतु त्या नावाची पत वाढली तर लाभ मूळ धन्याचा होतो.

ज्या बाजारपेठेने बिघडविले

पोर्तुगालच्या इतिहासात उलट उदाहरणेही आहेत. आफ्रिकेतील वसाहती हे त्या देशाच्या साध्या वाईनचे हुकमी गिऱ्हाईक होते. वसाहतींना माल निवडण्यास फारसा वाव नव्हता आणि त्यामुळे उत्पादकालाही सुधारणेची निकड भासत नव्हती. १९७४-७५ साली या वसाहती स्वतंत्र झाल्या आणि ती हुकमी मागणी आटली.

दाव या प्रदेशाची कथा सहकाराच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने सहकारी वाइनऱ्या उभारून द्राक्षे खरेदी करण्याचा हक्क त्यांच्याकडेच दिला. हेतू चांगला होता. परंतु शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही, संस्थेला स्पर्धा उरली नाही आणि वाईनची प्रत खालावली. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यानंतर अशी मक्तेदारी टिकू शकली नाही. त्याच वर्षी पोर्टच्या निर्यातदाराने माल गायाच्या वखारींतूनच पाठवावा हा निर्बंधही उठला आणि डोरोतील मळेवाल्याला स्वतःच्या मळ्यातून थेट निर्यात करण्याची वाट मोकळी झाली. सहकाराचे बळ सभासदाच्या स्वेच्छेत आणि मालाच्या प्रतीत असते. मक्त्याने ते बळ येत नाही.

मळ्याची भेट कशासाठी?

पोर्तुगीज वाईनपुढे परक्या बाजारात एक खास अडचण असते. फ्रान्समधील ‘केबर्ने’ किंवा ‘शार्दोने’ ही द्राक्षांची नावे जगभर रुळली आहेत. पोर्तुगालजवळ स्वतःच्या अडीचशेहून अधिक देशी जाती आहेत. परंतु तोरिगा नासिओनाल, बागा, आलव्हारिन्यो ही नावे नवख्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर सहज बसत नाहीत. यावर एक उपाय १९४२ साली योजला गेला. सोग्रापे या संस्थेने ‘मातेउस’ नावाची सौम्य, गुलाबी वाईन चपट्या, पोट सुटलेल्या बाटलीत भरून बाजारात आणली. बाटली दुरून ओळखू येई, नाव सोपे होते आणि ती जगभर खपली. तथापि बाटलीची ख्याती झाली तरी त्यामागील द्राक्ष आणि गाव गिऱ्हाइकाला अनोळखीच राहिले.

दुसरा उपाय सावकाशीचा आहे. परक्या जाती लावून सोप्या नावांच्या मागे न धावता देशी जाती जतन करावयाच्या आणि विकत घेणाऱ्याला मळ्यातच आणून त्यांची ओळख करून द्यावयाची. सप्टेंबरच्या तोडणीत पाहुणा उभ्या चढणीवर मजुरांबरोबर टोपली उचलतो. दगडी हौदात द्राक्षे पायांनी तुडविण्याची जुनी रीत पाहतो. आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबवून गोडी राखण्यासाठी पोर्टमध्ये द्राक्षार्क केव्हा मिसळतात हे समजून घेतो. त्याने चाखलेली वाईन आता त्याच्या लेखी एक ठिकाण आणि एक माणूस बनते. अशा गिऱ्हाइकाला दोन पैसे अधिक का द्यावे हे सांगावे लागत नाही. देशातील उत्पादकांच्या वतीने ‘वाइन्स ऑफ पोर्तुगाल’ या एकाच नावाखाली प्रचार होत असल्याने लहान मळेवाल्यालाही परदेशी प्रदर्शनात जागा मिळू शकते. ही पद्धत निःसंशय अनुकरणीय आहे.

प्रसिद्धीच्या झोतातील अंधार

परंतु येथेच थांबणे योग्य होणार नाही. डोरोची कीर्ती वाढत असतानाच जगात वाईनचा, विशेषतः गोड पोर्टचा, खप उतरणीला लागला. पोर्टसाठी वापरावयाच्या रसाची वार्षिक मर्यादा २०२३ साली १,०४,००० पिंपे होती. ती २०२४ साली ९०,००० आणि २०२५ साली ७५,००० पिंपांवर आणण्यात आली. एक पिंप म्हणजे ५५० लिटर. दोन वर्षांत सुमारे २८ टक्के घट झाली. तोडणी तोंडावर आली असताना अनेक लहान बागाईतदारांना द्राक्षांसाठी गिऱ्हाईक मिळेना. पोर्टमध्ये मिसळावयाचा द्राक्षार्क बहुतांशी प्रदेशाबाहेरून येतो, तो आमच्याच द्राक्षांपासून करावा, ही त्यांची मागणी या संकटात तीव्र झाली.

यावरून असे दिसते की, चव घेण्याची खोली ज्याच्या मालकीची, पाहुण्याचा पैसा प्रथम त्याच्या हाती जातो. केवळ द्राक्षे विकणारा त्या खोलीच्या बाहेर उभा असतो. तेजीत त्याचा वाटा लहान आणि मंदीत त्याचा भार मोठा, असे घडते.

महाराष्ट्राने हा अनुभव एकदा घेतला आहे. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्योगासाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. बागाईतदारांनी उत्साहाने वाईनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत खप खुंटला, खरेदी आखडली आणि अनेकांना मांडवावरच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. वाईनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असल्याने खाण्याच्या बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. वाइनरीने पाठ फिरविली की त्या मालाला दुसरी वाट राहत नाही.

बाजारपेठ शोधणे हे व्यापाऱ्याचे काम, शेतकऱ्याने उत्तम माल पिकवावा म्हणजे झाले, असे काहींचे म्हणणे असते. भाजीपाल्याच्या बाबतीत ते काही अंशी खरे मानता येईल, कारण पुढच्या हंगामात पीक बदलता येते. वेल मात्र लावल्यानंतर दोन-तीन वर्षांनी फळू लागते आणि पुढे बरीच वर्षे उभी राहते. इतक्या दीर्घ मुदतीचा धोका जो पत्करतो, त्याला बाजारपेठेच्या वाटाघाटीतून वगळणे न्यायाचे नाही आणि धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

विस्तार कार्यकर्त्याचे कर्तव्य

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने वाईनच्या द्राक्षांचा सल्ला देताना केवळ जात आणि खुंट यांची माहिती देऊन थांबू नये. वाइनरीशी लेखी करार आहे काय, तो किती वर्षांचा आहे आणि मंदीच्या वर्षी किमान किती टन माल घेण्याचे बंधन त्यात आहे, हे आधी पाहावे. भाव साखरेच्या प्रमाणावर ठरत असल्यास ते प्रमाण कोणी, कोठे व तोडणीच्या कोणत्या दिवशी मोजावयाचे, आणि वजनानंतर किती दिवसांत पैसे द्यावयाचे, हे करारात स्पष्ट असावे. एकट्या शेतकऱ्याला अशा अटी मिळविणे कठीण जाते. गावातील दहा-वीस बागाईतदार एकत्र आले तर ते साधते. सर्व क्षेत्र या एकाच पिकाखाली आणू नये.

पाहुण्यांच्या भेटीतही गावाचा वाटा ठरलेला असावा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले आहे. शेजारच्या वाइनरीकडे येणाऱ्या पाहुण्याला निवास, घरचे जेवण, बेदाणा आणि ताजी द्राक्षे पुरविण्याचे काम परिसरातील शेतकरी कुटुंबे करू शकतात. वाइनरीने आपल्या फलकावर ज्या गावांची द्राक्षे वापरली त्यांची नावे लिहावीत, असा आग्रह बागाईतदारांच्या गटाने धरावा; गावाचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले म्हणजे त्या गावाची द्राक्षे डावलणे खरेदीदारालाही जड जाते.

या साऱ्या गोष्टी कागदावर आल्या आणि त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या, की मगच शेतात वेलींसाठी चर खोदण्यास प्रारंभ व्हावा.