निकाल लागण्याआधी मुलांशी बोला : समस्त नाशिककरांना आवाहन

नाशिकमधल्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, शिक्षकांनो, क्लासचालकांनो,

बारावीचा आणि पाठोपाठ दहावीचा निकाल तोंडावर आला आहे. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत आणि सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत किती तरी घरांत सध्या एक मूल रात्री उशिरापर्यंत जागं असतं. पेपर कधीच झाले, अभ्यास उरलेला नाही, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणेल. मनात मात्र एकच घोर लागलेला असतो : कमी पडले, एखादा विषय राहिला, तर घरी काय होईल?

या प्रश्नाचं उत्तर त्याला निकालाआधी मिळायला हवं आणि ते तुमच्याच तोंडून मिळायला हवं. आमची विनंती एवढीच आहे.

ही घाई कशासाठी, तेही सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या सर्वांत जास्त, १,७६४, एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत. यातली प्रत्येक घटना परीक्षेमुळे घडली असं नाही. अशा टोकाच्या निर्णयामागे सहसा एकच कारण नसतं. पण अपयशाची धास्ती आणि ‘आता कुणाला तोंड दाखवू’ ही भावना त्या कारणांत पुन्हा पुन्हा दिसते. ती कमी करणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी हाताशी दिवस थोडे आहेत.

ही भीती जीवावर बेतते तेव्हाच आपल्याला दिसते. त्याआधी ती कितीतरी नुकसान करून गेलेली असते. चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी दडवला जातो. वर्गात शंका विचारायला हात वर होत नाही, कारण ‘एवढंही येत नाही का’ हे ऐकायची तयारी नसते. येत असलेलं गणित परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही. आणि ज्याची खरी ओढ आहे त्या वाटेला मूल जातच नाही, कारण तिथे आपटण्याची शक्यता असते. गुणपत्रिकेतल्या आकड्याला मूल इतकं घाबरत नाही. आकडा वाचल्यावर आपल्या चेहऱ्यावर जे उमटेल, त्याला ते घाबरतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. गाव दुष्काळी, वडील विहिरी खोदणारे, त्यांच्यासोबत दत्तूनेही ते काम केलेलं. वडील गेल्यावर घरचा भार अंगावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, तिथे पहिल्यांदा रोइंगची नाव पाहिली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच्याकडून पदकाची आशा होती. २३ ऑगस्टला पालेमबांगमध्ये एकेरीची अंतिम शर्यत झाली. अंगात बळ नव्हतं, तब्येत बिघडलेली. २,००० मीटरच्या त्या शर्यतीत दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेची अंतिम शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ. भारताने त्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती जिद्दीची आहेच. पण त्यात आणखी एक बाजू आहे. काल सर्वांत मागे राहिलेल्या माणसाला आज नावेत घ्यायचं की नाही, अशी शंका कुणाच्याही मनात येऊ शकली असती. त्या तिघांनी आणि प्रशिक्षकांनी त्याची जागा त्याच्यासाठी राखली. आदल्या दिवशीच्या निकालावरून त्याची लायकी ठरवली नाही. जिद्द दत्तूची होती, पण ती दाखवायला दुसरा दिवस मिळाला तो सोबतच्या माणसांमुळे. अपयशाची भीती एकट्याने जिंकायची गोष्ट नाही, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंही तसंच. थाटलेला फोटोग्राफीचा व्यवसाय चालला नाही, नोकरी सोडली, जम बसलेला छापखाना भागीदारांशी मतभेद झाल्याने सोडावा लागला, डोळे अधू झाले. चाळिशी उलटलेल्या या माणसाने सिनेमा काढायचा म्हटलं तेव्हा त्याच्या नावावर यशापेक्षा मोडलेले उद्योगच जास्त होते. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक सांभाळला, तांत्रिक कामंही शिकून घेतली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘आधी एवढं बुडवलंत, आता पुरे’ असं सरस्वतीबाई म्हणाल्या असत्या, तर कुणीही त्यांना दोष दिला नसता.

आता आपल्याकडे येऊ. आम्ही काय मागतो आहोत, ते स्पष्ट सांगतो.

आई-बाबांना : निकालाची वाट न पाहता आजच बोला. ‘काहीही निकाल लागला तरी या घरातली तुझी जागा तीच राहील. कमी पडले तर पुढचं आपण मिळून बघू.’ एवढं पुरे. त्याला शेपूट जोडू नका. ‘पण तू प्रयत्न करायला हवे होतेस’ हे आज नको. आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही पोटाला चिमटा काढून फी भरली आहे. कळवण-बागलाणहून शहरात खोली घेऊन राहिलेल्या पोराच्या क्लासचे पैसे कांद्याच्या पट्टीतून गेले आहेत. ते पोराला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे, तेच त्याच्या छातीवर बसलेलं आहे. निफाड-दिंडोरीचा बागायतदार अवकाळीने हाताशी आलेली द्राक्षं गेली म्हणून बाग तोडत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि पुढच्या हंगामाला लागतो. बागेला देता तेवढी मुदत लेकरालाही द्या.

निकालाच्या दिवशी : निकाल दुपारी ऑनलाइन लागतो. बैठक क्रमांक टाकायचा, त्याखाली आईचं पहिलं नाव टाकायचं आणि बटण दाबायचं. आईचं नाव टाकताना मूल खोलीत एकटं असू नये. सुट्टी काढा, शेजारी बसा. आकडा कसाही असो, आधी जेवण वाढा. त्या दिवशी कुठलाही निर्णय नको, कुणाशी तुलना नको, हिशेब नको. गावाकडून येऊन एकटं राहणाऱ्या मुला-मुलीला त्या दिवशी घरी बोलवा, नाहीतर तुम्ही त्याच्याकडे जा.

काका, मावशी, आत्या, शेजाऱ्यांना : ‘किती पडले?’ हा फोन आठवडाभर करू नका. मूल सांगेल तेव्हा ऐका. फोन करायचाच असेल तर ‘चार दिवस राहायला ये’ म्हणून करा.

शाळा, कॉलेज आणि क्लासचालकांना : २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून बॅचेस वेगळ्या करणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्यतो टाळावं, मदतीचे क्रमांक ठळक लावावेत, असं त्यात सांगितलं आहे. या सूचना तुमच्या संस्थेत किती पाळल्या जातात, ते याच आठवड्यात तपासा. निकालानंतर पहिला फोन नापास झालेल्या विद्यार्थ्याला करा. पहिल्या आलेल्याला पेढे भरवायला बाकीचे पुष्कळ आहेत.

मंडळांना आणि पुढाऱ्यांना : बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणं कित्येक वर्षांपूर्वी बंद केलं. ती यादी आता चौकाचौकांत फ्लेक्सवर लागते. सत्कार जरूर करा, पण त्याच फ्लेक्सवर निम्मी जागा पुरवणी परीक्षेच्या माहितीसाठी आणि मदतीच्या क्रमांकासाठी ठेवा. त्या फ्लेक्सखालून राहिलेलं मूलही रोज जातं.

आणि मुला-मुलींनो, तुम्हाला : एक विषय राहिला म्हणजे वर्ष गेलंच असं नाही. गुणांबद्दल शंका असेल तर बोर्डाकडे गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. या अर्जांची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन चौकशी करा. राहिलेल्या विषयांसाठी पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. गुण कमी वाटत असतील तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापास झालेल्यांसाठीही खुले आहेत. आणि ज्यांचं शिक्षण कुठल्याही कारणाने अर्ध्यावर सुटलं त्यांना पुन्हा दार उघडावं म्हणून १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. तिथे शिकणाऱ्यांत नोकरी करणारे आहेत, संसार सांभाळणाऱ्या बायका आहेत. उशिरा सुरुवात केली म्हणून तिथे कुणी कुणाला हसत नाही.

मन फारच जड झालं, जगू नये असं वाटलं, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन करणं ही कमजोरी नाही.

पालकांनो, मूल जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोललं, तर ते मनावर घ्या. ‘तुझ्या मनात जीवाचं काही बरंवाईट करायचं येतंय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मुलाला मोकळं व्हायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या आणि तोपर्यंत तुम्हीही १४४१६ ला फोन करा.

नाशिककरांनो, हे काम निकालाच्या दिवसावर ढकलू नका. त्या दिवशी तुम्ही कितीही समजुतीने वागलात तरी भीतीने जागून काढलेल्या या रात्री परत येणार नाहीत. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा टीव्ही बंद करा आणि वर दिलेली दोन वाक्यं आपल्या भाषेत मुलाला सांगा. उद्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, तालमीच्या फळ्यावर, शाळेच्या गेटवर १४४१६ हा क्रमांक लावा. या शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला निकालाआधी निदान एका मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळू दे : ‘राहिलास तरी आमचाच आहेस, राहिलीस तरी आमचीच आहेस. पुन्हा बस, आम्ही आहोत.’