शाळेच्या बागेला चांगली कात्री द्या

शाळेच्या बागेतील छाटणी म्हणजे बहुधा कोयत्याचे काम. जास्वंद माजली, मेंदीचे कुंपण वाढले, की कोणीतरी कोयता घेऊन सपासप फांद्या उतरवतो. बाग मोकळी दिसते. पण वाकून खुंट पाहिले, तर साल सोललेली आणि लाकूड चिरफाळलेले आढळते. विद्यार्थी मित्रांनो, अशी छाटणी थांबली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडाला जखम झाली म्हणजे काय होते? आपली कातडी कापली, तर तेथे नव्या पेशी तयार होऊन जखम भरून येते. झाडाचे तसे नाही. जखमी लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती जणू भिंती उभारून कुजण्याची क्रिया अडवते आणि सालीखालच्या वाढत्या थरातून बनलेले नवे लाकूड कडेकडून येऊन जखम झाकते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी अनेक झाडे चिरून ही क्रिया अभ्यासली व १९७७ साली ती सविस्तर मांडली. साल जितकी फाटेल, तितकी झाकायची जागा वाढते आणि बुरशीला दार उघडे राहते. म्हणून काप लहान आणि स्वच्छ हवा.

तो काप हत्यारावर अवलंबून असतो. छाटणीच्या कात्रीचे, म्हणजे सिकेटरचे, मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात धारेचे पाते बाकदार आधाराला घासून पुढे जाते. ओल्या, जिवंत फांदीला हीच कात्री योग्य. दुसऱ्या प्रकारात पाते सपाट पट्टीवर आपटते. त्यात हिरवी फांदी चेचली जाते. वाळक्या काटक्यांना मात्र ती चालते. पहिल्या प्रकारातही आधाराच्या बाजूला थोडा दाब बसतोच. म्हणून पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आधार कापून टाकायच्या भागाकडे ठेवावा.

कात्री ही तरफ आहे. फांदी टोकाशी न धरता खिळीजवळ धरली, की कमी जोरात कापली जाते. कात्री पिळावी लागत असेल, तर फांदी तिच्या आवाक्याबाहेरची आहे असे समजावे. साधारण अंगठ्याहून जाड फांदीला करवत घ्यावी. फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड कापू नये, कारण जखम झाकणारे लाकूड तेथूनच वाढते. गुलाबाची काडी बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कापावी.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात. कोणता डोळा ठेवायचा यावर त्यांचे पीक ठरते, म्हणून त्यांच्या हातात कोयता नसतो, कात्री असते. ऊस तोडण्यास किंवा नारळ सोलण्यास कोयता उत्तमच. पण एक डोळा राखून काप घेणे त्याचे काम नव्हे.

काही शिक्षक म्हणतील, मुलांच्या हाती धारदार हत्यार कसे द्यावे? काळजी रास्त आहे. पण बोथट हत्याराला अधिक जोर लागतो आणि जोर लावताना ते निसटते. मोकळा हात पात्यापासून दूर ठेवणे, काम संपताच कात्री मिटून कडी लावणे, चीक पुसून पाते तेलाच्या बोळ्याने कोरडे ठेवणे आणि दगडावर बाहेरच्या उतरत्या बाजूनेच धार लावणे, या सवयी शिक्षकांच्या देखरेखीखाली लागू शकतात. रोगट फांदी कापल्यावर पाते स्पिरिटने पुसावे, नाहीतर आपणच रोग पुढच्या झाडावर नेऊ.

खर्चाचे म्हणाल, तर एकच चांगली कात्री पुरेशी आहे. नीट जपली तर ती अनेक वर्षे टिकते. ती आणून एक प्रयोग करा. जास्वंदीच्या सारख्या जाडीच्या दहा फांद्या निवडा. पाच धारदार कात्रीने व पाच बोथट कात्रीने कापा. भिंगातून काप पाहा, चित्रे काढा आणि दर आठवड्याला खुंट किती वाळला ते मोजून वहीत लिहा. तुमच्या बागेत कोणते हत्यार असावे, हे मग मुख्याध्यापकांना तुमची वहीच सांगेल.