दुरुस्तीचे दार वाचकाला उघडा

ब्रिटिश लायब्ररीने एकोणिसाव्या शतकातली वृत्तपत्रे स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय तंत्राने, त्यांचा मजकूर तयार केला. तो कितपत बरोबर उतरला याची तपासणी सायमन टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. अक्षरांची अचूकता ८३.६ टक्के निघाली, शब्दांची ७८ टक्के. इंग्रजीतली उपपदे, शब्दयोगी अव्यये असले शोधात निरुपयोगी शब्द वगळले, तेव्हा आकडा ६८.४ वर आला. कॅपिटल अक्षराने सुरू होणारे शब्द, म्हणजे मुख्यतः माणसांची, गावांची आणि संस्थांची नावे, वेगळे काढून मोजले तेव्हा तो ६३.४ पर्यंत घसरला. हा उतार आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने नीट पाहावा. ओसीआर अक्षरे ओळखताना शब्दकोशाचा आधार घेते. ओळखीचा शब्द अर्धा पुसलेला असला तरी ते सावरून घेते, पण आडनाव किंवा खेड्याचे नाव कोशात नसते. जुन्या वृत्तपत्राकडे येणारा वाचक मात्र बहुतेक वेळा नेमके आडनाव आणि गावच शोधत येतो. अहवालात आपण जी सरासरी अचूकता ठळक छापतो, तिच्यातून त्याच्या पदरात काय पडेल हे कळत नाही. देवनागरीत तर कॅपिटल अक्षरेच नाहीत, त्यामुळे नावे चाळून वेगळी मोजण्याची ही सोपी युक्तीही आपल्याला वापरता येत नाही. शिवाय चुकीचा वाचलेला शब्द शोधात येत नाही, आणि न आलेल्या बातमीबद्दल कोणी तक्रार करत नाही. ‘या नावाचे काही छापलेच गेले नव्हते’ असे समजून वाचक निघून जातो आणि आपल्या नोंदवहीत सगळे ठीक दिसते.

आमचे म्हणणे असे की ही तूट संस्थेने आपल्या कार्यालयात बसून भरून काढण्याजोगी नाही. कोणत्या पानावरचे कोणते नाव कोणाला लागणार आहे, हे संस्थेला कळण्याचा मार्ग नाही. ते ज्याला कळते त्याच्या हाती दुरुस्तीची सोय द्यावी, आणि मजकूर कच्चा असतानाच द्यावी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे केले. १८०३ ते १९५४ या काळातल्या वृत्तपत्रांचा स्कॅन केलेला संग्रह, जो पुढे ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळाचा भाग झाला, त्यांनी ऑगस्ट २००८ मध्ये वाचकांच्या दुरुस्तीसाठी खुला केला. प्रकल्पाच्या व्यवस्थापक रोझ हॉली यांनी नमुन्यादाखल ४५ पाने तपासली होती. त्यांत अचूकता कुठे ७१ टक्के तर कुठे ९८ टक्के होती. इतका असमान मजकूर लोकांसमोर ठेवायला धीर लागतो. तो ठेवला, फारशी जाहिरातही केली नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांत सुमारे एक लाख लेखांतल्या २० लाख ओळी वाचकांनी दुरुस्त केल्या. आज ही संख्या कित्येक कोटींत आहे. यात कुटुंबाचा इतिहास शोधणारे लोक मोठ्या प्रमाणावर होते. पणजोबांच्या मृत्यूची बातमी सापडली की तिच्यातली नावे दुरुस्त करायची, मग शेजारची बातमी, मग तो सगळा अंक, असा त्यांचा क्रम.

जे शोधात सापडतच नाही ते वाचक दुरुस्त कसे करणार, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खर्चाच्या वाटणीत आहे. बातम्यांची शीर्षके आणि सुरुवातीच्या काही ओळी ग्रंथालयाने पैसे देऊन कंत्राटदाराकडून माणसांकरवी दुरुस्त करून घेतल्या, बाकीचा मजकूर वाचकांवर सोपवला. वाचक बातमीपर्यंत पोचेल एवढी वाट संस्थेने बांधली. आपल्याकडे मर्यादित निधीचे काय करावे यावर दर परिसंवादात वाद होतो. सगळ्या मजकुराची अचूकता दोन टक्क्यांनी वाढवण्यावर तो उधळण्यापेक्षा शीर्षके, तारखा आणि स्तंभांची विभागणी बिनचूक करण्यावर लावावा, असे आम्हाला वाटते. ६ जानेवारी १८३२ पासून निघालेल्या ‘दर्पण’चा अंक डोळ्यांसमोर आणा. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. मराठीसाठी लावलेले ओसीआर इंग्रजी स्तंभाचा कचरा करते, आणि स्तंभांमधली सीमा चुकली तर दोन्ही भाषांची खिचडी होते. हे काम वाचकाचे नाही. ते संस्थेने करूनच अंक त्याच्यापुढे ठेवायला हवा.

ट्रोव्हच्या यशाचे श्रेय ‘लोकसहभाग’ या शब्दाला देण्याची घाई होते. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही २०११ मध्ये लोकसहभागच घेतला होता. तिथे जुन्या वृत्तपत्रांतले सुटे शब्द संगणकावरच्या खेळातून लोकांकडून टाइप करून घेतले आणि सुमारे ८० लाख शब्दकामे झाली. काम उत्तम झाले, पण खेळणाऱ्याने वृत्तपत्र वाचले नव्हते. त्याच्यापुढे संदर्भ नसलेला एक तुकडा होता. ट्रोव्हवर मूळ पानाचे चित्र आणि मजकुराची ओळ शेजारी शेजारी असतात, आणि माणूस बातमी वाचता वाचता दुरुस्त करतो. कोणते आडनाव त्या परिसरातले आणि कोणते यंत्राने घडवलेले, हे त्याला वाचनातून समजते. अर्धवट उठलेले अक्षर लावण्याची हातोटी अशा वाचनातून येते.

ट्रोव्हचा दुसरा निर्णय ग्रंथालयांच्या स्वभावाला मुळीच न मानवणारा होता. दुरुस्ती करण्यासाठी नावनोंदणी सक्तीची केली नाही, आणि केलेली दुरुस्ती कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता लगेच दिसू लागली. आपल्याकडे पहिली हरकत इथेच येईल, की उद्या कोणी काहीही टंकून ठेवील. पहिल्या सहा महिन्यांत खोडसाळपणाचा एकही प्रकार आढळला नाही, असे हॉली यांनी नोंदवले आहे. तरीही आम्ही माणसांच्या चांगुलपणावर विसंबायला सांगत नाही. ट्रोव्हवर यंत्राचा मूळ मजकूर पुसला जात नाही, प्रत्येक दुरुस्तीचा इतिहास राहतो आणि चुकलेली दुरुस्ती परत फिरवता येते. मुख्य म्हणजे पानाचे चित्र तिथेच असते. पुरावा चित्र आहे, मजकूर त्या पुराव्याकडे नेणारी सूची आहे. सूचीतली एखादी नोंद चुकली म्हणून ग्रंथालय बंद करत नाहीत. विकिस्रोतावर एकाने पान तपासले की ते पिवळे होते आणि दुसऱ्याने पडताळले की हिरवे. ही दोन डोळ्यांची शिस्त ग्रंथांना शोभते आणि नवख्यांना शिकवण्यासाठी चांगली आहे, पण दैनिकाच्या पन्नास वर्षांच्या अंकांना ती लावली तर बहुतेक पाने आपल्या हयातीत हिरवी होणार नाहीत.

मराठीपुरती खरी अडचण वेगळी आहे आणि तिचा विचार आधी झाला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या पानांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांत’, ‘ह्मणून’ असे छापलेले असते. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने स्वीकारले, आणि त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांना ही रूपे अशुद्ध वाटतात. अनुस्वार खोडण्याची सवय हाताला लागलेली असते. आपला स्वयंसेवक निवृत्त शिक्षक असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो अत्यंत सद्भावनेने पानेच्या पाने ‘शुद्ध’ करून ठेवील. खोडसाळ माणसापेक्षा आम्हाला या सज्जनाची धास्ती अधिक वाटते, कारण त्याची चूक पाहताक्षणी लक्षात येत नाही. नियम एकच असावा, की छापले आहे तसे टंकावे. जुळाऱ्याने उलटा लावलेला खिळाही शाबूत राहावा. अमुक छापखान्याने ‘ह्म’ टाकून ‘म्ह’ कधी धरला, अनुस्वार कोणी आधी सोडले, हे प्रश्न उद्याचे अभ्यासक याच मजकुराला विचारणार आहेत. ‘म्हणून’ शोधणाऱ्याला ‘ह्मणून’ही सापडले पाहिजे, पण ती जबाबदारी शोधयंत्राची. जुन्या-नव्या रूपांची जुळणी आणि विभक्तिप्रत्यय तोडणे शोधाच्या थरात करावे, मजकुराच्या थरात करू नये. हे दोन थर वेगळे ठेवले नाहीत तर दुरुस्तीची मोहीम म्हणजे नासाडीची मोहीम ठरेल.

आता यंत्रेच सुधारली आहेत, मग माणसांना कशाला राबवायचे, हा आक्षेप दिवसेंदिवस वजनदार होत आहे. माणसे राबल्याचे त्यांना कळूही न देता काम होऊ शकते हेही सिद्ध झाले आहे. ‘रीकॅप्चा’ने २००७ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांतले अडलेले शब्द इंटरनेट वापरणाऱ्यांकडून वाचून घेतले आणि शब्दपातळीवर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळवली. पण २००९ मध्ये ही यंत्रणा गूगलने विकत घेतली, आणि कालांतराने लोकांसमोर जुन्या छपाईतल्या शब्दांऐवजी रस्त्यांवरची चित्रे येऊ लागली. काम कोणते करायचे हे यंत्रणेचा मालक ठरवतो, त्यात ग्रंथालयाचा शब्द चालत नाही. नव्या भाषिक प्रतिमानांची गोष्ट अधिक नाजूक आहे. जुने ओसीआर चुकले की ओळीत उद्गारचिन्हे, आकडे असा गाळ दिसायचा आणि चूक लक्षात यायची. नवे प्रतिमान वाचता न आलेल्या जागी सुरळीत, शुद्ध आणि पटणारा शब्द घालते. ‘ह्मणून’चे ‘म्हणून’ तर ते न विचारताच करते. म्हणून यंत्र जितके चतुर, तितकी चित्रासमोर बसलेल्या वाचकाची गरज अधिक. या यंत्रांना जुने मराठी खिळे आणि शिळाछाप वाचायला शिकवायचे तरी माणसांनी तपासलेल्या ओळीच लागतात. त्या अर्थाने स्वयंसेवकाची प्रत्येक ओळ पुढच्या हजार ओळींच्या कामी येते.

एका आक्षेपाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. लोक आपल्या आवडीचेच दुरुस्त करतात. हॉली यांच्या निरीक्षणानुसार बहुतांश काम सुमारे दहा टक्के स्वयंसेवक करतात. म्हणजे संग्रहाचा चेहरा मूठभरांच्या आवडीने घडतो. आपल्याकडे ‘केसरी’चे अग्रलेख झपाट्याने स्वच्छ होतील, पण १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या ‘दीनबंधु’तला खेड्यातला वार्ताहर तसाच गढूळ राहील. बाजारभाव, पावसाचे आकडे आणि कोर्टाच्या जाहिरातींना तर कोणी हातही लावणार नाही. सवड, संगणक आणि घराण्याचा कागदोपत्री इतिहास ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या पूर्वजांची नावे आधी सापडू लागतील. वाचकांवर सोडून हे सुटणार नाही. संस्थेचा निधी आणि पगारी तपासनीस मुद्दाम तिकडे वळवावे लागतील जिकडे स्वयंसेवक जात नाहीत. फुकटच्या श्रमाबद्दलची टीकाही याच अंगाने तपासावी. ‘स्वयंसेवक आहेत, खर्च वाचेल’ असे अनुदानाच्या अर्जात लिहिणाऱ्याने ट्रोव्हकडे पाहावे. इतक्या कोटी ओळी लोकांनी दिल्यानंतरही २०२३ च्या आरंभी त्याचा निधी आटत आला होता. एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले तेव्हा ते सावरले. लोकांचे श्रम घेतल्यावर ते जपण्याचा खर्च वाढतो, आणि तो टाळण्याची सबब राहत नाही.

यातले काहीही करायचे तर सुरुवात निविदेपासून होते. ‘शोधता येणारी पीडीएफ’ एवढेच मागितले तर तेवढेच मिळते, आणि तिच्यावर दुरुस्तीची सोय बसवता येत नाही. प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठे आहे याची नोंद असलेल्या ऑल्टो फायली मागाव्यात, बातमीगणिक विभागणी मागावी, मूळ प्रतिमा टिफमध्ये आपल्या ताब्यात घ्याव्यात. वाचकांनी दुरुस्त केलेला मजकूर, त्याच्या इतिहासासह, पुरवठादाराच्या सर्व्हरवरून केव्हाही उचलता येईल असे कलम करारात असावे. आर्थिक वर्षाच्या अखेरीस घाईने निघणाऱ्या कामांत नेमकी हीच कलमे गळतात, तेव्हा मसुदा सहीसाठी जाण्यापूर्वी ती तपासावीत.