चित्र बिघडते, दोष मात्र जोडणीत

पेढीवर ताळेबंद जुळेनासा झाला, तर कोणी जाणता व्यापारी नवी वही विकत आणत नाही. कोणती नोंद चुकली, हे तो एकेक पान उलटून पाहतो. घरातील दूरचित्रवाणीचे चित्र बिघडले की मात्र हीच सावध माणसे थेट नव्या संचाची किंमत विचारू लागतात.

एका एकत्र कुटुंबात नुकतेच असे घडले. पहिल्या पावसानंतर चित्र चौकोनी तुकड्यांत फुटू लागले, आवाज अर्ध्या वाक्यात तुटू लागला. घरातील आजींना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना उतरवत नाही. दुपारी सगळे दुकानात गेले की दूरचित्रवाणी हीच त्यांची सोबत. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त संच लावणे बंद केले. थोरल्या मुलाच्या हे ध्यानात आले आणि त्याने नवा संच ठरवूनही टाकला. धाकट्या सूनबाईंनी मात्र एक दिवस थांबण्याची विनंती केली.

त्यांनी प्रथम सेट-टॉप बॉक्सची वाहिन्यांची यादी पडद्यावर आणली. अक्षरे स्वच्छ होती. ही परीक्षा साधी, पण निर्णायक आहे. ती यादी बॉक्स स्वतः तयार करतो. यादीच अस्पष्ट असेल, तर दोष संचात किंवा बॉक्सपासून संचापर्यंतच्या वायरीत. यादी स्पष्ट आणि कार्यक्रम तेवढा फुटत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या केबलकडे. एकच वाहिनी बिघडली असेल, तर उणीव बहुधा प्रक्षेपणातच असते. शेजारीही तोच त्रास असेल, तर तो गल्लीतील मुख्य केबलचा प्रश्न समजावा.

पूर्वी सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, पण कार्यक्रम कसाबसा पाहता येई. मुंबईत २०१२ साली आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरत्र डिजिटल केबल आली, तेव्हापासून ही रीत बदलली. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष दिसते. सिग्नल त्याखाली घसरला की ते एकाएकी फुटते किंवा गोठते. म्हणून काल चांगले चाललेले आज अचानक बिघडले, तरी मूळ झीज अनेक महिन्यांची असू शकते.

तपासणी बॉक्सच्या मागून सुरू करावी. प्रथम बॉक्स व संच दोन्हींचे प्लग काढावेत. केबलचा पेच सैल असेल, तर तो हातानेच घट्ट बसवावा. पेचाच्या तोंडातून मधली तार सरळ आणि दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेली असावी. भोवतीच्या जाळीचा केसाएवढा तंतू जरी तिला टेकला, तरी सिग्नल तेथेच अडतो. तार काळी किंवा हिरवट पडली असेल, तर टोक कापून नवा कनेक्टर बसवून घ्यावा.

त्यानंतर स्प्लिटर पाहावा. एका केबलच्या दोन वाटा केल्या की प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी शक्ती मिळते. चार केल्या की चौथ्या हिश्श्याहूनही कमी. वाटणीचा हा हिशेब सांगावा लागू नये. तरीही बंद खोलीतील जुन्या संचासाठी लावलेला स्प्लिटर कित्येक घरांत वर्षानुवर्षे तसाच राहतो. उलट सिग्नल वाढवणारे यंत्र लावल्याने सारे सुधारते असेही नाही. ते सिग्नलबरोबर त्यात मिसळलेला गोंधळही वाढवते. सांधा खराब असेल, तर तो खराबच राहतो.

शेवटी केबलची वाट पाहावी. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा, खिडकीच्या झडपेत चेपलेली वायर आणि काटकोनात मोडलेले वळण ही नेहमीची दुखणी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ठिबकून जाते, आत येत नाही.

एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. केबलला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तिच्यात वीज उतरली आहे असे समजून दूर व्हावे आणि वीजतंत्रज्ञाला बोलवावे. गच्ची, खांब आणि बाहेरची तार हे केबलवाल्याच्या माणसाचेच काम. तेथे घरच्यांनी चढू नये. विजा चमकत असताना तर कोणतीही जोडणी हाताळू नये.

त्या घरातील दोष खिडकीपाशी सापडला. चिकटपट्टीच्या सांध्यात पाणी मुरून तांबे हिरवे पडले होते. केबलवाल्याच्या मुलाने भिजलेला तुकडा कापला, नवा कनेक्टर बसवला आणि विनाकारण असलेला स्प्लिटर काढून टाकला. अर्ध्या तासाचे काम. नव्या संचाचे पैसे गल्ल्यातच राहिले. थोरल्या मुलाला मात्र एक गोष्ट अधिक लागली : आजींनी आठ दिवस मुकाट्याने काढले होते आणि विचारपूस करायला कोणाला सवड झाली नव्हती. आता दुपारी जेवायला घरी आला की तो आधी त्यांच्या खोलीत डोकावतो.