खोटी हाक



मे महिन्यात नातू पुण्याहून पालमला आला होता. गळ्यात भलामोठा कॅमेरा, खिशात मुठीएवढा स्पीकर. सकाळीच मला घेऊन शेताकडे निघाला. धुऱ्यावर बसून त्यानं मोबाइलवर बोट ठेवलं आणि स्पीकरमधून तितर ओरडायला लागलं. दोन मिनिटांत बोरीखालून खराखुरा नर मान ताठ करून धावत आला. यानं दहा वेळा वाजवलं, तो बिचारा दहा वेळा भांडायला आला! फोटो सुरेख निघाले. घरच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही, म्हणून स्वारी रुसली आहे. त्याच्यासाठी आणि टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

बाबा रे, तू केलंस ती शिकारीतलीच जुनी विद्या. आपल्याकडचे फासेपारधी पिढ्यानपिढ्या हेच करत आले. पाळीव तितर पिंजऱ्यात ठेवायचं, भोवती फासे मांडायचे. ते ओरडलं की आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून रानातला नर धावून येतो आणि अडकतो. तिकडे कॅनडात मूस नावाचं घोड्याएवढं हरिण आहे. त्याच्या माजाच्या दिवसांत शिकारी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मादीसारखे हंबरतात, आणि नर बंदुकीसमोर येऊन उभा राहतो. मुलूख कुठलाही असो, फसवणूक तीच.

"आबा, मी मारत थोडाच आहे?" असं तू म्हणालास. कबूल. पण हे दिवस विणीचे. तितराचं घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा. मादी अंड्यांवर बसलेली, आणि नर नसलेल्या वैऱ्याशी उघड्यावर झुंजतोय. वर शिक्रा, खाली मुंगूस, डोक्यावर परभणीचं ऊन! पिंजऱ्यातलं तितर निदान दमायचं तरी. तुझं यंत्र दमत नाही. आणि असलीच यंत्रं रात्री शेतात वाजवून लाव्यांना जाळ्यात ओढणारेही आहेत, हे विसरू नकोस.

आता माझी गोष्ट. १९८० च्या सुमारास माझ्या वर्गात पारध्याचं एक पोरगं होतं. एकदा भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर तितर ओरडलं. यानं बसल्या जागी तोंडानं उत्तर दिलं. बाहेरचं पुन्हा बोललं, हा पुन्हा बोलला. वर्ग हसायला लागला. मी दोन छड्या दिल्या आणि म्हणालो, "पारध्याचे धंदे शाळेत चालायचे नाहीत." दुसऱ्या दिवशी ते आलं नाही. पुढे कधीच आलं नाही. वस्ती कोसभरावर होती. मी बघायला गेलो नाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. पारधीही त्यात आले. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ साली आणखी कडक झाला. तितर धरणं आज गुन्हा आहे, आणि तो असावाच. पारध पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. पण तीच हाक पोटासाठी मारली तर चोर, आणि छंदासाठी वाजवली तर पक्षिप्रेमी? हा कुठला न्याय?

त्या पोराला नर कुठला, मादी कुठली, पिलं केव्हा निघतात, सगळं ठाऊक होतं. तुला फक्त बटण ठाऊक आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, तरी पारध्यांकडून रानाची भाषा शिकले. ते मोठे झाले ते अशा शिकण्यानं. मी मास्तर असून छडी उगारली.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. विणीच्या दिवसांत रानात स्पीकर नको. पक्षी बघायचाच तर वस्तीवरच्या जाणत्या माणसाला मान देऊन, मजुरी देऊन सोबत घ्या आणि गप्प बसा. दिसलं तर दिसलं.

तू गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी एकटाच धुऱ्यावर जाऊन बसलो. तासाभरानं ओढ्याकडून तितर बोललं. दिसलं नाही. ऐकताना मात्र ते पोरगं आठवलं.

दिवाळीला ये. स्पीकर तेवढा घरी ठेव.