गोळ्या बंद करू का?



या आठवड्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. पत्र लिहिणारी भगिनी चार महिने खिन्न होती. झोप नाही, भूक नाही, मुलांशी बोलणंही नकोसं. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत तिला बरं वाटू लागलं. आता सासूबाई म्हणतात, "गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा योगासनं कर." शेजारणीनं अश्वगंधाचं चूर्ण दिलंय, तर नणंदेनं अमेरिकेहून 'सेंट जॉन्स वर्ट' नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्यात. तिचा प्रश्न असा, की सगळं नैसर्गिकच आहे, मग गोळ्या बंद करू का?

नाही, बाई. आपल्या मनानं मुळीच नको! बरं वाटतंय ते गोळ्या चालू आहेत म्हणून. बरं वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने, कधी त्याहून जास्त घ्याव्या लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते आणि दुखणं उलटण्याची भीती असते. बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू कमी करत.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असं कुठंय? सेंट जॉन्स वर्ट या गोळ्यांबरोबर घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्यानं संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुणही कमी होतो. अश्वगंधाही गरोदरपणी नको आणि थायरॉईडचं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. तेव्हा पुढच्या खेपेला घरातली सगळी चूर्णं, काढे, कॅप्सूल पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. संकोच करू नका. त्याच वेळी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. यांच्या कमतरतेनंही मरगळ येते.

पण सासूबाईंचं अगदीच चूक नाही हं! योगासनं, चालणं यांनी मनाला खरोखर उभारी येते. फक्त ती गोळ्यांच्या जोडीला हवीत, त्यांच्या जागी नकोत. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, जरा भरभर चाला. शक्यतो सकाळच्या उजेडात. त्यानं रात्रीची झोपही सुधारते. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटांनी सुरुवात करा. उत्साह आला की करीन, असं म्हणून थांबू नका. या दुखण्यात आधी काम करावं लागतं, उत्साह मागून येतो. रोज एकच ठरवा: कुंड्यांना पाणी घालणं किंवा मैत्रिणीला फोन. भजनी मंडळ सुटलं असेल तर पुन्हा जा. गाणं आलं नाही तरी चालेल, चार जणींत बसणं महत्त्वाचं.

ध्यानाचंही तसंच. रोज दहा मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला हरकत नाही. त्रास वाटला तर थांबा. पण इगतपुरीच्या विपश्यना शिबिरासारखं दहा दिवसांचं मौन आजार जोरात असताना नको. तिथल्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारतात, ते लपवू नका.

आणखी एक. दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर 'स्वभावच असा' म्हणून सोडून देऊ नका. आणि जगूच नये असं मनात आलं तर आसनं, चूर्णं सगळं बाजूला ठेवा. एकटीनं राहू नका. घरात कुणाला तरी लगेच सांगा आणि डॉक्टरांना गाठा. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लावता येतो. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा आकडा आजच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्याला नाही, तर शेजारणीला उपयोगी पडेल.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी, हे पान सासूबाईंनाही वाचायला द्या. संध्याकाळी दोघी मिळूनच फिरायला जा ना! खुशाली जरूर कळवा.